सूत्रधाराविना फासे: सहा जणांच्या पार्टीचे जुने रोल-प्लेइंग खेळ

एका खेळाडूने चार ते सहा पात्रांची पार्टी हाकायची, भुयारे धुंडाळायची, राक्षस मारायचे आणि हळूहळू बलवान व्हायचे, अशा धाटणीचे जुने संगणक-खेळ आज पुन्हा विकत मिळतात आणि आजच्या संगणकांवर चालतातही. त्यांच्याविषयीची मते मात्र टोकाची आहेत. काहींच्या मते असे खेळ पुन्हा झालेच नाहीत, तर काहींना ते आकडेमोडीचे रटाळ काम वाटते. दोन्ही पक्षांना भरपूर पुरावा सापडतो आणि तो बहुधा एकाच खेळात सापडतो. त्याचे कारण या खेळांच्या कुळात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ होता. त्याचे नियम किचकट होते, पण ते चालवायला एक सूत्रधार असे. तो प्रसंग पाहून नियम वाकवी, कंटाळवाणी लढाई आटोपती घेई आणि खेळाडूंनी लबाडी केली तर तिचा बंदोबस्तही करी. संगणकाने नियम उचलले, फासे उचलले, राक्षसही उचलले, परंतु सूत्रधार काही उचलता आला नाही. या खेळांचे बहुतेक गुण नियमांच्या खोलीतून आले आहेत आणि बहुतेक दोष त्या रिकाम्या खुर्चीमुळे, असे माझे मत आहे.

ॲपल टू संगणकासाठी १९८१ साली आलेली, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांची 'विझर्ड्री' हा या परंपरेतला सुरुवातीचा ठळक खेळ. त्यात सहा पात्रे दोन रांगांत चालतात. पुढचे तिघे हातघाईची लढाई करतात. मागच्या तिघांनी मंत्र म्हणायचे, कारण त्यांच्या हाती तलवार दिली तरी वार शत्रूपर्यंत पोहोचत नाही. भुयाराचे दहा मजले आहेत, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा आहे आणि नकाशा खेळाडूने स्वतः आलेखाच्या कागदावर काढायचा आहे. खर्ची पडलेले मंत्र भुयारात परत मिळत नाहीत, त्यासाठी वर येऊन सराईत मुक्काम करावा लागतो. सराईच्या तबेल्यात फुकट झोपले तरी मंत्र भरून येतात, जखमा तेवढ्या भरत नाहीत. म्हणून मुरलेले खेळाडू पुरोहिताला तबेल्यात निजवतात, भुयाराच्या तोंडाशी तळ टाकून त्याच्याकडून सर्वांच्या जखमा बऱ्या करून घेतात आणि त्याला पुन्हा तबेल्यात पाठवतात. ही पळवाट आहे खरी, पण ती भुयाराबाहेरची आहे. एकदा खाली उतरल्यावर, आणखी एक दार उघडावे की उरलेल्या दोन मंत्रांच्या भरवशावर माघारी फिरावे, हा प्रश्न प्रत्येक वळणावर खराखुरा असतो.

मृत्यूच्या बाबतीत 'विझर्ड्री' कोणाची गय करत नाही. पार्टी मेली की ते तत्काळ डिस्कवर नोंदले जाते, आणि मृतदेह आणायचे असतील तर नवी पार्टी उभी करून तिला त्याच मजल्यापर्यंत पोहोचवावे लागते. देवळातला पुनर्जीवनाचा विधी फसला तर देहाची राख होते. राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे गेले. 'मॅलॉर' हा स्थलांतराचा मंत्र चुकीचे आकडे देऊन म्हटला तर अख्खी पार्टी खडकात गाडली जाऊ शकते. हे निर्दय आहे, पण हिशेबाला चोख आहे. आपल्याजवळ सूत्रधार नाही हे ओळखून या खेळाने खेळाडूला भुयारात पळवाटच ठेवली नाही. पुढच्या अनेक देखण्या खेळांना हा चोखपणा साधला नाही, याकडे मी पुढे येईनच.

'विझर्ड्री'ची उणीव वेगळी आहे. तिची माणसे म्हणजे नाव, जात, पेशा आणि आकड्यांचा एक रकाना एवढीच. १९८८ साली एसएसआय कंपनीने 'पूल ऑफ रेडियन्स'पासून सुरू केलेल्या 'गोल्ड बॉक्स' मालिकेतही पात्रांना स्वभाव नाही, मात्र लढाईला तेथे जमीन मिळाली. लढाई सुरू झाली की चौकटींचे मैदान समोर येते, प्रत्येक पात्र आपापल्या पाळीला चालते, भिंतीच्या कोपऱ्याचा आडोसा घेते, अरुंद दारात दोन योद्धे उभे करून मागच्या दुबळ्या जादूगाराला झाकता येते. फ्लॅन या उद्ध्वस्त शहराचा एकेक मोहल्ला मोकळा करत जाणे ही कल्पनाही उत्तम आहे, कारण मोकळा केलेला मोहल्ला मोकळाच राहतो आणि केलेल्या कामाची खूण नकाशावर उमटते. डिस्कवर जागा कमी असल्यामुळे कथेतले कितीतरी परिच्छेद सोबतच्या छापील रोजनिशीत दिलेले होते. प्रसंग आला की खेळ त्या नोंदीचा क्रमांक सांगे. खेळाडू आगाऊपणे सगळे वाचून काढतील हे ठाऊक असल्याने तीत काही नोंदी मुद्दाम खोट्या पेरलेल्या होत्या. सूत्रधाराच्या मिस्कीलपणाच्या सर्वांत जवळ गेलेली युक्ती कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन.

त्याच खेळात लढाईनंतर जखमा बऱ्या करण्याची रीत मात्र सहनशीलतेची परीक्षा पाहते. उपचाराचा मंत्र पाठ करायला सांगा, विश्रांती घ्या, एकेकावर तो म्हणा, तो संपला की पुन्हा पाठ करायला सांगा, आणि सहाही जण धडधाकट होईपर्यंत ये रे माझ्या मागल्या. टेबलावरच्या सूत्रधाराने हे सारे एका वाक्यात उरकले असते. मालिकेच्या पुढच्या खेळांत त्यासाठी एकच आज्ञा आली, यावरून निर्मात्यांनाही हा जाच कळला होता असे दिसते.

डिसेंबर १९९८ मध्ये बायोवेअरची 'बाल्डर्स गेट' आली आणि या प्रकाराला नवा वाचक मिळाला. वाचक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण तिच्यात वाचायला पुष्कळ आहे. पाळीपाळीने चालणारी लढाई जाऊन सलग चालणारी, पण कोणत्याही क्षणी थांबवता येणारी लढाई आली. हातांनी रंगवल्यासारखी दृश्ये आली आणि सोबत्यांना आवाज मिळाला. तिचा आरंभच पाहा. पहिल्या पातळीच्या जादूगाराची प्राणशक्ती चार-सहा गुणांची, दिवसाला मंत्र एखाददुसरा, आणि अशा अवस्थेत तुम्ही ठरलेल्या सराईच्या पायऱ्यांशी पोहोचता. तेथे एक गृहस्थ अदबीने नाव विचारतो, ओळख पटली की क्षणात आपल्या भोवती स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करतो, भीतीचा मंत्र टाकून तुमच्या सोबत्यांना सैरावैरा पळायला लावतो आणि उरलेल्या एकट्याला टिपतो. नवख्याला हा अन्याय वाटतो. परंतु मंत्र म्हणत असताना जखम झाली तर मंत्र वाया जातो, हा नियम ज्याच्या ध्यानात आला तो पुढच्या खेपेला धनुष्य आणि गोफण तयार ठेवून, पार्टीला पांगवून त्या पायऱ्यांकडे जातो. खेळाने धडा शिकवला, फक्त शिकवण्याची पद्धत आधी ठार मारून मग शिकवण्याची आहे.

या प्रकारातील लढाईचा कळस मात्र सप्टेंबर २००० मधील 'बाल्डर्स गेट टू'मध्ये आहे, आणि पार्टी ही कल्पना नेमकी कशासाठी हवी याचे उत्तर तिच्यातील जादूगारांशी होणाऱ्या झुंजीत मिळते. समोरचा जादूगार लढाईच्या पहिल्या क्षणालाच अदृश्य होतो. ही अदृश्यता अशी, की त्याची अंधुक आकृती दिसली तरी तुमच्या मंत्राला त्याचा नेम धरता येत नाही. त्याच्या कातडीवर दगडाचे थर चढलेले असतात, प्रत्येक वार एकेक थर घेऊन जातो आणि अंगाला काहीच लागत नाही. शिवाय जादूच्या शस्त्रांपासून संरक्षण देणारे कवच त्याच्याभोवती असते, त्यामुळे तुमच्या योद्ध्याची सर्वांत मौल्यवान तलवार हवेत फिरवल्यासारखी फिरते. अशा वेळी पुरोहिताने सत्यदर्शनाचा मंत्र म्हणून अदृश्यता फेडायची, मग जादूगाराने 'ब्रीच' टाकून कवच आणि दगडी थर एकाच वेळी उतरवायचे, आणि त्याच सुमारास योद्धा शत्रूच्या शेजारी पोहोचलेला असला पाहिजे. तीन माणसे, तीन कामे, क्रम चुकला तर तिन्ही व्यर्थ. 'ब्रीच' हाताशी नसेल तर ते कवच जेमतेम चार फेऱ्या टिकते हे लक्षात ठेवून दाराआड सरकावे आणि वाट पाहावी. किंवा योद्ध्याच्या हाती एखादी साधी, जादू नसलेली तलवार द्यावी, कारण कवच अडवते ते फक्त जादूच्या शस्त्राला. आठवड्यापूर्वी भंगार म्हणून विकायला काढलेली तलवार अशी कामी येते, तेव्हा नियमांच्या त्या जाड पुस्तकाचे सार्थक होते. एकट्या नायकाच्या खेळात हा आनंद मिळणे अवघड आहे.

नियमांची खोली आणखी एका ठिकाणी सुखावते. पहिल्या 'बाल्डर्स गेट'च्या कथेचा विषय लोखंडाचे संकट हा आहे, आणि त्यामुळे तेथे साधी शस्त्रे ऐन लढाईत मोडतात. पात्रांच्या तोंडून ऐकलेली बातमी तुमच्या हातातल्या तलवारीपर्यंत येते. अनुभवाचे गुण पार्टीत वाटले जातात, म्हणून सहाऐवजी तिघांना घेऊन निघाले तर ते लवकर बलवान होतात. कोणतीही वेगळी सोय न करता खेळाचा कस बदलण्याची ही पद्धत फार शहाणी आहे.

सोबत्यांबद्दल बोलायचे तर पहिल्या खेळातली माणसे ठसठशीत आहेत, पण बोलतात थोडे. त्यांचे पटते की नाही, हे मात्र खेळ गंभीरपणे घेतो. जाहीरा आणि खालिद या जोडप्याच्या शेजारी झार आणि मॉन्टारॉन ही कपटी दुक्कल फार दिवस ठेवली तर प्रकरण हातघाईवर येते. आपली सखी डायनाहीर हिला सोडवायला मिन्स्क तुमच्याबरोबर येतो, पण तुम्ही चालढकल केलीत तर तो साथ सोडतो. दुसऱ्या खेळात हे सगळे बहरले. केल्डॉर्न हा वयस्क धर्मयोद्धा कर्तव्यापायी घरापासून इतका दूर राहिलेला आहे, की त्याच्या पत्नीने दुसऱ्या पुरुषाचा आधार शोधला आहे. ते कळल्यावर त्याने काय करावे हे तो तुम्हाला विचारतो. राक्षस, रत्ने आणि भुयारे यांच्या गर्दीत हा संसारातला पेच अचानक समोर येतो आणि तेथे कोणताही मंत्र उपयोगी पडत नाही. मला दोन्ही खेळांतल्या मोठमोठ्या लढायांइतकाच हा प्रसंगही मोलाचा वाटतो.

डिसेंबर १९९९ मधील 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'ने याच दिशेने सर्वांत लांबचा पल्ला गाठला. तिचा नायक मेला तरी बहुधा पुन्हा उठतो, त्यामुळे मरण आले की जुनी सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेली खेळाची स्थिती, उघडायची ही खोडच निकालात निघते, आणि मरण हा कथेचाच भाग होतो. डॅकॉन या सोबत्याजवळ त्याच्या पंथाच्या शिकवणुकीचे एक चक्र आहे. त्याच्याशी बोलत, अर्थ लावत, त्याच्या श्रद्धेतील तडा ओळखत गेले की चक्राच्या नव्या कड्या उलगडतात आणि त्यांतून नवे मंत्र मिळतात. संभाषण हेच बक्षीस आणि संभाषण हीच परीक्षा. एवढे असूनही या खेळातील लढाई इतकी भोंगळ आहे, की शहाणपण आणि बुद्धी यांचे आकडे वाढवून तिला शक्य तेथे बगल द्यावी हाच सल्ला योग्य ठरतो.

आता मुख्य दोषाकडे वळतो. या सर्व नियमांचा पाया असा, की दिवसाला ठरावीकच मंत्र मिळतात, म्हणून ते जपून वापरायचे. परंतु 'बाल्डर्स गेट'च्या दोन्ही भागांत बहुतेक कोणत्याही भुयारात, शत्रूच्या दारापासून दहा पावलांवर, आठ तास झोपता येते. कधी एखादा राक्षस झोपमोड करतो. त्याला मारायचे आणि पुन्हा झोपायचे. परिणामी प्रत्येक लढाईत सगळे मंत्र उधळायचे आणि मग ताणून द्यायची, ही रीत खेळाडूच्या अंगवळणी पडते, जपून वापरण्याचा प्रश्नच मोडीत निघतो, आणि हे थोपवण्यासाठी लेखकांना लढाया अशा रचाव्या लागतात की संपूर्ण भांडार रिते केल्याशिवाय त्या जिंकता येऊ नयेत. टेबलावर हे एकदाच चालले असते. दुसऱ्या वेळी सूत्रधाराने शत्रूला सावध केले असते, कैद्याला दुसरीकडे हलवले असते, निदान भुवई तरी उंचावली असती. संगणक मात्र निमूटपणे घड्याळ आठ तास पुढे सरकवतो.

कथेलाही याचा फटका बसतो. 'बाल्डर्स गेट टू'मध्ये तुमच्या बालमैत्रिणीला डोळ्यांदेखत पकडून नेतात, तिच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी मध्यस्थ वीस हजार मोहरा मागतो, आणि तुम्ही त्या मिळवायला निघता. मग एका उमरावाचा किल्ला सोडवायचा, एका सर्कशीचे कोडे उलगडायचे, एखाद्या खेड्यातील लांडग्यांचा छडा लावायचा. यांतले प्रत्येक काम सुरेख आहे आणि मोहरा कधीच्या जमलेल्या असतात, पण ती मैत्रीण खेळातले कित्येक महिने जेथे आहे तेथेच वाट पाहत राहते. घाई फक्त संवादांत असते. हा खेळाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि कथेच्या दृष्टीने सर्वांत खोटाही. 'विझर्ड्री'त कथा नावालाच होती, तरी तिच्यातील प्रत्येक पावलाला किंमत होती, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

सेव्ह करण्याच्या मोकळिकीचेही तसेच आहे. फाशांवर उभा असलेला खेळ हवा तेव्हा मागे नेता आला, की फाशांना अर्थ उरत नाही. खिसा कापण्याचा प्रयत्न फसला, मागे जा. त्यातच नायकाच्या मृत्यूचा विचित्र नियम येतो. सोबत्यांना देवळात नेऊन जिवंत करता येते, पण नायक पडला की खेळ तत्क्षणी संपतो, मग पुनर्जीवनाचा मंत्र जाणणारा पुरोहित शेजारी का उभा असेना. त्यामुळे शूर नायक पार्टीच्या मागे लपूनछपून चालतो.

बाकीचे दोष लवकर सांगून टाकतो. अरुंद बोळात सहा जणांना एकत्र चालवणे हा मनस्ताप आहे. दोघे अडतात, तिसरा भलत्याच वाटेने वळसा घालून नेमका शत्रूच्या तळात शिरतो. चिलखताचा आकडा जितका कमी तितका बरा, दहा म्हणजे उघडा माणूस आणि उणे दहा म्हणजे अभेद्य, ही उलटी मोजणी नवख्याला आपणहून उमगणे शक्य नाही आणि खेळ ती नीट समजावत नाही. बाणांचे जुडगे, ओळख न पटलेल्या अंगठ्या आणि औषधांच्या बाटल्या एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत हलवण्यात संध्याकाळ जाते. सापळ्यांसाठी पार्टीत चोर हवाच असतो, म्हणजे सहापैकी एक जागा तुम्ही निवडण्याआधीच भरलेली असते. आणि पात्र घडवण्याचा सोहळा म्हणजे नमनालाच घडाभर तेल: ज्या खेळाची अजून ओळखही झाली नाही त्यासाठी पंचवीस-तीस तासांनी उपयोगी पडणारे निर्णय पहिल्या अर्ध्या तासात घ्यायचे.

या दोषांवर पुढच्या पिढीने उपाय शोधले. २०१५ मधील 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ने भुयारातल्या विश्रांतीसाठी शिधा लागेल आणि तो मोजकाच बाळगता येईल अशी अट घातली. कल्पना योग्य होती, परंतु चिकाटीचा खेळाडू सराईपर्यंत चालत जाऊन शिधा घेऊन येतोच, आणि मग झोपेच्या जागी पायपीट येते. २०१८ मधील 'पाथफाइंडर: किंगमेकर'ने कथेला खरीखुरी मुदत घातली; ती पुष्कळांना जाचक वाटली, मला मात्र त्या मुदतीमुळेच मुक्कामाला पुन्हा किंमत आली असे वाटते. २०२३ मधील 'बाल्डर्स गेट थ्री' पाळीपाळीच्या लढाईकडे परतली, पार्टी चौघांची केली आणि फासा पडद्यावर फिरताना दाखवला. बोळातली चेंगराचेंगरी त्याने संपली, जुन्या जादूगारांच्या झुंजींची गुंतागुंतही संपली.

ज्यांना आज जुन्यांपैकी एखादा घ्यायचा आहे त्यांनी थेट 'बाल्डर्स गेट टू'ची सुधारित आवृत्ती घ्यावी असे पुष्कळ जण सांगतात. मी पहिला भाग आधी खेळावा असे सुचवेन, कारण दुसऱ्यात मंत्रांची यादी एकदम इतकी लांबलचक समोर येते की नवखा गांगरतो. लढाईचीच आवड असेल तर २००० सालची 'आइसविंड डेल' पुरेशी आहे; तिच्यात सहाही पात्रे स्वतः घडवायची असतात आणि सोबत्यांच्या स्वभावाची अपेक्षा सोडावी लागते. वाचनाची आवड असणाऱ्याने 'टॉर्मेंट' चुकवू नये, मात्र लढाईची सोपी पातळी निवडावी. 'पूल ऑफ रेडियन्स' फक्त धीर असलेल्यांसाठी. 'विझर्ड्री'ची डिजिटल एक्लिप्सने केलेली २०२४ मधील नवी आवृत्ती नव्या चित्रांच्या कोपऱ्यात मूळ ॲपल टूचा पडदाही दाखवते आणि जुने नियम हवे तसे सैल करू देते. ते सैल न करता निदान पहिले चार मजले उतरावेत. 'बाल्डर्स गेट' खेळताना भुयारात एकदाही झोपायचे नाही असा नियम स्वतःला घालून पाहावा. काही लढाया त्यामुळे फारच अवघड होतील, ड्रॅगनांच्या वेळी तो मोडावाही लागेल, पण कातळातून वाट काढत बाहेर येऊन सराईचे दार गाठताना उरलेल्या दोन मंत्रांची किंमत कळते.